डोक्यावरचा साक्षीदार

हेल्मेटला कॅमेरा लावून सायकल चालवली तर गाडीवाले जरा जपून वागतात का? आणि नाहीच वागले, तर ते चित्रण पोलिसांना दाखवून काही होते का? रस्त्यावर सायकल चालवणारा माणूस आज ना उद्या हे दोन प्रश्न विचारतोच. पहिल्याचे उत्तर छोटे आहे आणि थोडे हिरमोड करणारे. दुसऱ्याचे लांबलचक आहे. त्यात थोडी भूमिती आहे, बराचसा कायदा आहे आणि जालन्याची एक निवडणूकही आहे.

१. भांडण नेमके कशाचे?

बुऱ्हाणपूर घ्या. फारुकी सुलतानांनी वसवलेले आणि मोगलांनी वाढवलेले हे तापीकाठचे तटबंदीचे शहर. शनवारा, इतवारा, लोहारमंडी, शिकारपुरा ही नावे आज चौकांची आणि मोहल्ल्यांची वाटतात, पण मुळात ती वेशींची आहेत. या वेशी बांधल्या तेव्हा हत्ती, उंट आणि बैलगाड्या डोळ्यांसमोर होत्या. एकाच वेळी एक छोटा टेम्पो, दोन मोटारसायकली आणि एक सायकल त्यातून घुसतील, असे बांधणाऱ्याच्या स्वप्नातही आले नसेल. शहराबाहेर पडले की इंदूर-इच्छापूर रस्ता लागतो. उत्तरेला असीरगडाचा घाट, दक्षिणेला शाहपूर, इच्छापूर आणि लगेच महाराष्ट्राची हद्द. केळीने भरलेले ट्रक, कापडाच्या गाठी, प्रवासी बस, ट्रॅक्टर, सगळे याच रस्त्यावर.

आणि याच रस्त्यावर सायकली. पॉवरलूमच्या पाळीला निघालेला कामगार, किटल्या अडकवलेला दूधवाला, शाळेत निघालेल्या मुली. मध्य प्रदेश सरकार गावात शाळा नसलेल्या सहावी आणि नववीच्या मुलांना सायकल देते. ती सायकल चालवायची कुठे, याचे उत्तर मात्र पुष्कळदा हमरस्ता हेच असते. हेल्मेट घालून पहाटे व्यायामाला निघणारे हौशी सायकलस्वार या गर्दीत सर्वांत थोडे. कॅमेरा असलाच तर त्यांच्याकडे असतो, हे आधीच लक्षात ठेवू.

आता एक साधे गणित. सायकल ताशी १५ किलोमीटरने चालली आहे, मागून ट्रक ताशी ६० ने येतो आहे. दोघांच्या वेगातला फरक ४५ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला साडेबारा मीटर. ट्रक दहा मीटर लांब, सायकल पावणेदोन-दोन मीटर. ट्रकचे तोंड सायकलच्या मागच्या चाकाशी आल्यापासून त्याची शेपटी पुढच्या चाकापलीकडे जाईपर्यंत जेमतेम एक सेकंद लागतो. या एका सेकंदात ट्रकवाल्याला वाटते, ‘निघालो की नीट!’ सायकलवाल्याला वाटते, मरता मरता वाचलो.

दोघेही खोटे बोलत नाहीत. ट्रकवाला उंच केबिनमध्ये उजवीकडे बसलेला असतो. त्याच्या डाव्या पुढच्या कोपऱ्याजवळचा रस्त्याचा तुकडा त्याला सरळ दिसत नाही, आरशात दिसला तर दिसला. सायकलवाला कडेने चालवेल हे त्याने गृहीत धरलेले असते. पण कड म्हणजे काय? डांबर संपते तिथे चार बोटांची पायरी, खाली मुरूम, वर वाळू. खड्डा चुकवायला सायकल अर्धा मीटर इकडची तिकडे होते. उभे राहून पॅडल मारले तर त्याहून जास्त. ज्या अर्ध्या मीटरवर ट्रकवाल्याने हिशेब बांधला, तोच सायकलवाल्याला तोल सांभाळायला लागतो. मग ‘दिसत नाही का?’ आणि ‘रस्ता काय तुझ्या बापाचा आहे?’ हे संवाद ठरलेले.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. त्यांत सायकलस्वार ४,८३६. शेकड्यात मांडले तर तीनसुद्धा भरत नाहीत, म्हणून या आकड्याकडे फारसे कोणी पाहत नाही. पण दिवसाला तेरा होतात.

२. ‘पुरेसे’ म्हणजे किती?

सायकलला ओलांडताना किती जागा सोडायची, हे काही देशांनी मीटरमध्ये लिहून ठेवले आहे. जर्मनीत २०२० पासून गावात दीड मीटर आणि गावाबाहेर दोन मीटर. ब्रिटनच्या हायवे कोडमध्ये २०२२ पासून ताशी ३० मैलांपर्यंतच्या वेगाला निदान दीड मीटर, वेग वाढला तर त्याहून जास्त. आपल्याकडे २०१७ ची वाहनचालन नियमावली पादचारी, सायकलस्वार, मुले, वृद्ध यांची विशेष काळजी घ्यायला सांगते आणि ओलांडताना पुरेसे अंतर ठेवायला सांगते. आकडा देत नाही.

हा बारीकसा वाटणारा फरक पुढे महाग पडतो. दीड मीटरचा नियम असला तर सिद्ध काय करायचे ते ठरलेले असते. ब्रिटनच्या वेस्ट मिडलंड्स पोलिसांनी २०१६ मध्ये साध्या वेशातले पोलीसच सायकलवर बसवले. जे चालक अंगावरून गेले त्यांना पुढे थांबवले आणि जमिनीवर अंतराच्या खुणा असलेली चटई अंथरून तिच्यावर, किती जागा सोडायला हवी होती, ते दाखवले. आपल्याकडे असा चालक थांबला तरी तो विचारेल, ‘साहेब, लागला का त्याला धक्का?’ आणि साहेबांजवळ या प्रश्नाला उत्तर नसते. त्यामुळे आपल्या कॅमेऱ्याचे काम अवघड आहे. गाडी जवळून गेली एवढे दाखवून भागत नाही, चालवणे धोकादायक होते हे दिसावे लागते.

३. कॅमेरा पाहून कोणी सरकते का?

इंग्लंडमध्ये इयन वॉकर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने याचा छडा लावायचे ठरवले. सायकलला अंतर मोजणारा सेन्सर लावला आणि ओलांडून जाणाऱ्या गाड्या मोजल्या. त्याच्या पहिल्या अभ्यासात निघाले की हेल्मेट घातल्यावर गाड्या सरासरीने थोड्या अधिक जवळून जातात. यावर संशोधकांत बरीच वादावादी झाली आणि अजून ती पुरती मिटलेली नाही. आपल्या कामाचा त्याचा दुसरा अभ्यास, २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेला. त्यात सात तऱ्हेचे पोशाख घालून सायकल चालवली गेली: नवशिक्या असल्याचे सांगणारा, सराईत दिसणारा, भडक रंगाचा, वगैरे. बहुतेक पोशाखांनी काही फरक पडला नाही. अंतर वाढले ते एकाच पोशाखाने, ज्याच्या पाठीवर पोलिसांचा आणि चित्रीकरणाचा उल्लेख होता.

किती वाढले? सरासरी सुमारे पाच सेंटिमीटर.

त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. पोशाख कोणताही असो, शंभरातल्या एक-दोन गाड्या ५० सेंटिमीटरहून जवळून गेल्याच. जीव जातो तो या एक-दोन गाड्यांनी, सरासरीने नव्हे. म्हणजे कॅमेरा असल्याची पाटी लावून सभ्य चालक किंचित अधिक सभ्य होतो. जो पाहतच नाही, त्याला पाटी काय आणि कॅमेरा काय. हेल्मेटवरचा कॅमेरा तर काड्यापेटीएवढा असतो. मागून साठच्या वेगाने येणाऱ्याला तो दिसणेच शक्य नाही. तेव्हा पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळाले: ढाल म्हणून कॅमेरा फारसा उपयोगाचा नाही. उरते साक्षीदाराचे काम.

४. साक्षीदाराची नजर

हा साक्षीदार डोळ्याने थोडा अधू आहे. अशा कॅमेऱ्यांची भिंगे खूप रुंद दृश्य पकडणारी असतात. त्यामुळे सगळे दिसते, पण सगळे लांब दिसते. कोपरापासून वीतभरावरून गेलेला ट्रक पडद्यावर चांगला हातभर दूर वाटतो, आणि ठाण्यातला हवालदार म्हणतो, ‘लांबूनच तर गेला!’ यावर साधा उपाय म्हणजे सायकलचे हँडल दृश्यात दिसेल असा कॅमेरा बसवणे. हँडलची रुंदी टेपने मोजता येते, मग निदान तुलनेला काही तरी मिळते.

आता पाटीचा क्रमांक. समजा कॅमेरा १२० अंशांचे दृश्य टिपतो आणि चित्र १९२० ठिपके रुंद आहे. दहा मीटरवर हा कॅमेरा सुमारे ३५ मीटर रुंदीचा पट्टा पाहतो. म्हणजे एका मीटरच्या वाट्याला ५५ ठिपके. मोटारीची लांबट पाटी अर्ध्या मीटरची, तिच्या वाट्याला २८. त्यात अक्षरे आणि आकडे मिळून नऊ-दहा. प्रत्येकाला तीनही ठिपके येत नाहीत. तीन ठिपक्यांत ६ कोणता आणि ८ कोणता, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. हीच पाटी तीन मीटरवर असेल तर तिला ९२ ठिपके मिळतात आणि ती वाचता येते. पण गाडी आपल्याला ओलांडून सेकंदाला साडेबारा मीटरच्या फरकाने पुढे पळते आहे. तीन मीटरच्या आत ती पाव सेकंदसुद्धा राहत नाही. सेकंदाला ३० चित्रे घेणाऱ्या कॅमेऱ्यात त्या पाटीची जेमतेम सात चित्रे येतात. फोर-के कॅमेरा असेल तर ठिपके दुप्पट, म्हणजे सहा मीटरपर्यंत वाचता येईल. तिन्हीसांजेला किंवा पहाटे उजेड कमी म्हणून प्रत्येक चित्र घ्यायला जास्त वेळ लागतो, आणि सगळे हिशेब फिसकटतात. पाटी नुसती पांढरी रेघ होते.

म्हणून अनुभवी सायकलस्वार एक युक्ती करतात. घटना घडताच क्रमांक मोठ्याने उच्चारतात: ‘एमएच एकोणीस, पिवळा ट्रक, मागे हिरवी ताडपत्री.’ चित्र फसले तरी आवाज नोंदला जातो, आणि तो त्याच क्षणी उच्चारलेला असल्याने त्याचे वजन राहते. ट्रकच्या बाबतीत आणखी एक सोय आहे: त्यांच्या बाजूंवरही क्रमांक रंगवलेला असतो.

वेगही काढता येतो, पण गाडीच्या आकाराकडे पाहून अंदाजाने नव्हे. समजा ट्रक रस्त्याकडेचे विजेचे दोन खांब ओलांडताना दिसतो. नंतर तिथे जाऊन खांबांतले अंतर टेपने मोजले, ते भरले ५० मीटर. चित्रणात एका खांबापासून दुसऱ्यापर्यंत पोचायला ९० चित्रे लागली, म्हणजे तीन सेकंद. तीन सेकंदांत ५० मीटर म्हणजे ताशी ६०. असा हिशेब कागदावर मांडून दिला की तपास अधिकाऱ्यालाही तो पडताळता येतो.

एक उणीव मात्र तंत्राने भरून निघत नाही: हेल्मेटवरचा कॅमेरा समोर बघतो आणि धोका पाठीमागून येतो. २८ फेब्रुवारी २०२४ च्या पहाटे नवी मुंबईत नेरूळला पाम बीच रस्त्यावर अवतार सैनी यांना एका भरधाव टॅक्सीने मागूनच धडक दिली. इंटेलच्या ३८६ आणि ४८६ या प्रोसेसरांवर काम केलेला हा माणूस ६८ व्या वर्षी सोबत्यांबरोबर सायकल चालवत होता, डोक्यावर हेल्मेट होते. टॅक्सीवाल्याने पळायचा प्रयत्न केला तेव्हा सायकल त्याच्या पुढच्या चाकांखाली अडकलेली होती. सोबती होते म्हणून घडलेले सांगणारे कोणी तरी होते. एकट्याने लांब जाणाऱ्याने एकच कॅमेरा घ्यायचा झाला, तर तो सीटखाली मागच्या दिशेने लावलेला बरा, असे माझे मत.

हेल्मेटला काही चिकटवण्याबद्दल मतभेदही आहेत. केरळच्या मोटार वाहन खात्याने २०२२ मध्ये मोटारसायकलस्वारांच्या हेल्मेटवरील कॅमेऱ्यांना हरकत घेतली होती. पडल्यावर तो टणक तुकडा डोक्यातच घुसेल, ही त्यामागची भीती. सायकलला तर आपल्या कायद्याने हेल्मेटच सक्तीचे नाही. मोटार वाहन कायद्याचे १२९ कलम मोटारसायकलींपुरते आहे. ज्याला ही भीती वाटते त्याने कॅमेरा छातीवरच्या पट्ट्याला लावावा.

५. जालन्याची निवडणूक आणि तुमचे मेमरी कार्ड

चित्रण हातात आले म्हणजे पुरावा हातात आला, असे आपण समजतो. कोर्ट तसे समजत नाही, आणि का समजत नाही हे कळायला जालन्याला जावे लागते.

२०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालन्यातून शिवसेनेचे अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले. पराभूत झालेले काँग्रेसचे कैलास गोरंट्याल कोर्टात गेले. म्हणणे असे की, उमेदवारी अर्ज भरायची मुदत दुपारी तीनची, आणि खोतकरांचे अर्ज त्यानंतर दाखल झाले. पुरावा काय? निवडणूक अधिकाऱ्याच्या कचेरीत झालेले चित्रीकरण. आता चित्रीकरण सरकारी, कॅमेरे सरकारी. पण कायदा म्हणत होता की इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत दाखल करायची तर तिच्यासोबत प्रमाणपत्र हवे: ही नोंद कोणत्या यंत्राने केली, यंत्र नीट चालत होते, प्रत कशी काढली. गोरंट्याल यांनी अधिकाऱ्यांकडे ते पुनःपुन्हा मागितले, मिळाले नाही. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने तरीही चित्रीकरण विचारात घेतले आणि २०१७ मध्ये निवड रद्द ठरवली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १४ जुलै २०२० ला न्या. नरिमन यांच्या खंडपीठाने निकाल दिला, तोवर पुढची निवडणूक होऊन गोरंट्याल निवडूनही आले होते. पण त्या निकालाने देशभरच्या प्रत्येक चित्रफितीचा कायदा पक्का केला.

त्याचे सार तीन वाक्यांत येते. प्रत दाखल करायची तर प्रमाणपत्र हवेच. मूळ यंत्र, म्हणजे ज्यात पहिली नोंद झाली ते, मालकाने स्वतः साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे राहून दाखल केले तर प्रमाणपत्राची गरज नाही. आणि यंत्र दुसऱ्याच्या ताब्यात असेल, मागूनही तो प्रमाणपत्र देत नसेल, आणि तुम्ही शक्य ते सगळे केले असेल, तर तुमची अडवणूक होणार नाही.

तेव्हाचा कायदा १८७२ चा होता. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा भारतीय साक्ष्य अधिनियमाने घेतली, आणि जुन्या ६५-ब कलमाचे काम आता ६३ वे कलम करते. प्रमाणपत्राचा नमुनाच कायद्याला जोडला आहे. त्याचे दोन भाग: एक चित्रण सादर करणाऱ्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. आणि त्यात एक नवी वस्तू नोंदवावी लागते, तिचे नाव हॅश.

हॅश म्हणजे काय? केळीचा भरलेला ट्रक वजनकाट्यावर चढवला की पावती मिळते. वाटेत कोणी दोन घड काढून घेतले तर दुसऱ्या काट्यावर आकडा जुळत नाही. संगणकातल्या फाइलचीही अशी पावती काढता येते. एक ठरलेली गणिती रीत त्या फाइलवर चालवायची, की अक्षरे आणि आकडे मिळून एक लांब ओळ बाहेर येते. एसएचए-२५६ नावाच्या रीतीने ती ६४ चिन्हांची असते. एक फरक मात्र आहे. दोन घड काढले तर वजन थोडेच कमी होते, पण चित्रणातला एक ठिपका बदलला तरी ती ६४ चिन्हांची ओळ पार वेगळी येते. त्यामुळे घटनेच्या दिवशी काढलेली ओळ आणि कोर्टात काढलेली ओळ एकच असेल, तर मधे कोणी हात लावला नाही हे सिद्ध होते.

यावरून कळेल की आपण सगळे पहिल्याच तासात काय बिघडवून बसतो. घटना घडते, माणूस संतापलेला असतो, घरी येऊन आधी तो तुकडा कापतो, वर लाल गोल काढतो, मित्रांना व्हॉट्सॲपवर पाठवतो आणि मग मेमरी कार्ड मोकळे करून दुसऱ्या दिवशी पुन्हा वापरतो. व्हॉट्सॲप चित्रण दाबून लहान करते. त्याची हॅश मुळाशी कधीच जुळणार नाही. हे कॅमेरे बहुधा जुन्या नोंदीवरच नवी नोंद करत जातात. साध्या प्रतीचे चित्रण तासाला साडेसहा-सात जीबी खाते, म्हणजे ६४ जीबीचे कार्ड नऊ-दहा तासांत पुन्हा पहिल्यापासून लिहायला लागते. रोज दोन तास सायकल चालवली तर पाचव्या दिवशी पुरावा गेला. कार्ड काढून पाकिटात घालावे, वर तारीख आणि सही करावी, आणि नवे कार्ड घ्यावे. काही शे रुपयांचे काम आहे. कॅमेऱ्यातले घड्याळही बरोबर लावलेले हवे. चित्रणावर २०१५ ची तारीख उमटत असेल तर समोरचा वकील दुसरे काही विचारणारच नाही.

६. कोणत्या ठाण्यात जायचे?

सरहद्दीवरच्या माणसाला हा प्रश्न जास्त छळतो. इच्छापूरच्या पुढे घटना घडली, ट्रक एमएच १९ चा, म्हणजे जळगावचा, आणि तुमचे घर बुऱ्हाणपूरच्या लालबागला. असीरगडाच्या बाजूला घडले तर निंबोला ठाणे, दक्षिणेला शाहपूर, पलीकडे मुक्ताईनगर. पूर्वी ‘ही आमची हद्द नाही’ एवढ्यावर माणूस परत यायचा. आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३ व्या कलमाने, दखलपात्र गुन्ह्याची माहिती गुन्हा कुठेही घडला असला तरी कोणत्याही ठाण्यात देता येते. ठाणे ती नोंदवून योग्य हद्दीत पाठवते. हीच झिरो एफआयआर. माहिती इलेक्ट्रॉनिक मार्गानेही पाठवता येते, पण तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते.

सार्वजनिक रस्त्यावर बेदरकारपणे गाडी चालवणे हा भारतीय न्याय संहितेच्या २८१ व्या कलमाखाली दखलपात्र गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा एक हजारापर्यंत दंड, किंवा दोन्ही. धक्का लागलाच पाहिजे असे कलम म्हणत नाही, दुसऱ्याच्या जिवाला धोका होईल असे चालवणे पुरे. मोटार वाहन कायद्याचे १८४ वे कलमही धोकादायक चालवण्याबद्दलच आहे, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याचा दंड पहिल्या वेळी एक ते पाच हजार झाला. चित्रणात चालकाचा चेहरा दिसत नाही म्हणून निराश होण्याचे कारण नाही. त्याच मोटार वाहन कायद्याच्या १३३ व्या कलमाप्रमाणे, त्या वेळी गाडी कोण चालवत होते हे पोलिसांनी विचारले की सांगणे मालकावर बंधनकारक आहे. क्रमांक मिळाला की मालक मिळतो, मालक मिळाला की चालक.

लोक विचारतात, चौकातल्या कॅमेऱ्यावरून घरी चलान येते, मग माझ्या कॅमेऱ्यावरून का नाही? कारण ते कॅमेरे वेगळ्या नियमाखाली येतात. २०२१ च्या १६७-अ नियमाने वेग मोजणारे कॅमेरे, चौकातले सीसीटीव्ही, पोलिसांच्या अंगावरचे आणि गाडीतले कॅमेरे यांना मान्यता दिली आहे. त्या यंत्रांना दरवर्षी मंजुरीचे प्रमाणपत्र लागते आणि गुन्ह्याची सूचना पंधरा दिवसांत पाठवावी लागते. तुमच्या कॅमेऱ्याला ही मंजुरी नाही. त्यावरून आपोआप काही होत नाही. पोलिसांनी पडताळावे, जबाब घ्यावा, मग पुढे.

७. चित्रण करणाऱ्याला लोक काय म्हणतात?

गोव्यात पोलिसांनी २०१७ च्या नोव्हेंबरात ‘ट्रॅफिक सेंटिनल’ योजना आणली. नागरिकाने नियमभंगाचे छायाचित्र किंवा चित्रण पाठवायचे, पोलिसांनी पडताळून चलान काढायचे, पाठवणाऱ्याला गुण आणि गुणांवर रोख बक्षीस. तक्रारींचा पाऊस पडला आणि तेवढाच संतापही उसळला. शेजाऱ्याने शेजाऱ्याचे फोटो काढून पैसे मिळवावेत हे लोकांना रुचले नाही. बक्षीस ठेवले की साक्षीदाराचा खबऱ्या होतो, आणि खबऱ्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. योजनेची ही बाजू मला कच्ची वाटते.

लंडनमध्ये मायकेल व्हॅन अर्प हा सायकलस्वार बक्षिसाशिवाय हेच करतो. गाडी चालवताना फोनवर बोटे फिरवणारे त्याचे गिऱ्हाईक. त्याच्याच चित्रणावरून सिनेदिग्दर्शक गाय रिची यांचा परवाना २०२० मध्ये सहा महिन्यांसाठी गेला. ब्रिटनमध्ये अशी चित्रणे घ्यायला पोलिसांची ‘ऑपरेशन स्नॅप’ नावाची सोय आहे आणि लोक ती वापरतात. जर्मनीत नेमके उलटे वातावरण: तिथे सतत चालू राहणारा कॅमेरा हा खासगीपणाच्या कायद्याचा भंग. तरीही २०१८ च्या मे महिन्यात तिथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने सांगितले की भंग झाला असला तरी अपघाताच्या भरपाईच्या दाव्यात ते चित्रण पाहता येईल.

आपल्याकडे २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा माणसाने स्वतःच्या किंवा घरगुती कारणासाठी ठेवलेल्या माहितीला लागू होत नाही. पण चालकाचा चेहरा आणि क्रमांक दाखवून, वर दोन शिव्या घालून चित्रण जगजाहीर केले, तर ते घरगुती उरत नाही आणि बदनामीची फिर्याद तुमच्यावरच येऊ शकते. ठाण्यात द्यायची वस्तू ठाण्यातच द्यावी.

८. कॅमेरा मालकाला ओळखत नाही

जखम झाली असेल तर फौजदारी खटल्यापेक्षा भरपाईचा दावा महत्त्वाचा ठरतो, आणि चित्रणाचा खरा उपयोगही बहुधा तिथेच होतो. फौजदारी कोर्टात गुन्हा संशयापलीकडे सिद्ध व्हावा लागतो. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात, कोणती बाजू अधिक संभवनीय, एवढेच पाहिले जाते. मोटार वाहन कायद्याच्या १६६ व्या कलमाखालचा दावा अपघातापासून सहा महिन्यांत दाखल करावा लागतो. ही मुदत १ एप्रिल २०२२ पासून लागू आहे आणि ती माहीत नसल्याने अनेकांचे नुकसान होते. गाडी सापडलीच नाही तर केंद्राच्या योजनेतून मृत्यूला दोन लाख आणि गंभीर दुखापतीला पन्नास हजार मिळतात. क्रमांक न दिसलेल्या चित्रणाचाही इथे उपयोग आहे: धडक अनोळखी गाडीनेच दिली, सायकलस्वार आपणहून पडला नाही, एवढे तरी त्यातून दिसते. यंत्रमागावरून रात्री परतणाऱ्या कामगाराकडे मात्र तेही नसते. त्याची भिस्त रस्त्यावरच्या एखाद्या दुकानाच्या सीसीटीव्हीवर, आणि त्याचे चित्रणही काही दिवसांत पुसले जाते. म्हणून घरच्यांनी पहिल्या दोन-तीन दिवसांत ते जपून ठेवण्याची लेखी विनंती करावी आणि पोलिसांनाही कळवावे.

पण तुमचे चित्रण दाखल झाले की ते दोन्ही बाजूंचे. आता ट्रक आणि बसमध्येही कॅमेरे आले आहेत. तुम्ही उलट्या बाजूने येत होता का, हात न दाखवता वळलात का, मागे लाल परावर्तक होता का, धडकेच्या आधी चार सेकंद तुम्ही ट्रकशेजारी जाऊन बोनेटवर थाप मारली होती का, हे सगळे त्यात असते, आणि निम्मेच दाखवायची सोय नसते. कारण कापलेल्या चित्रणाची हॅश जुळत नाही. न्यायाधिकरण दोघांच्या चुकीचे वाटे ठरवते. समजा हात, पाय, औषधे आणि बुडालेली मजुरी धरून नुकसान आठ लाख ठरले, आणि सायकलस्वार अंधारात विनापरावर्तक उलट्या बाजूने येत होता म्हणून त्याचा वाटा पंचवीस टक्के धरला. मग हातात येतील सहा लाख. उरलेले दोन लाख त्याच्याच कॅमेऱ्याने कापले, असे तो म्हणेल. विमा कंपनीचा वकील म्हणेल, कॅमेरा नसता तर आम्ही पन्नास टक्के मागणार होतो.